आईबाबांना घेऊन वायार्ताला जायच्या आधी

मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ताला आईबाबांना घेऊन जाताय ना, मग बॅगेच्या आधी पैशांचं बघा. डॉलर घेतात सगळीकडे पण रेट दुकानदाराचा, म्हणून तिथले पेसोच बरे. एटीएम मधेच विचारतं की आमच्या रेटने कन्व्हर्ट करू का, तिथे 'नाही'चं बटण दाबायचं. मेनूवर डॉलरचंच चिन्ह दिसतं, ते पेसोचं असतं हे बाबांना आधीच सांगून ठेवा. आणि ५००ची नोट सुपरमार्केटमधे मोडून घ्या, टाकोच्या गाडीवर सुट्टे नसतात. व्हिसाचं म्हणाल तर पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, फक्त तारीख तपासा.

आता जेवण, ह्याची तयारी खरंच मनापासून करा. आई शाकाहारी असेल तर नुसतं व्हेजिटेरियन सांगून भागत नाही हो, कारण भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि फ्रिहोलेस, म्हणजे आपल्या राजम्याचे भाऊबंद, ते डुकराच्या चरबीत परततात, आणि त्यात कोणी फसवत नसतं, त्यांच्या हिशोबात ते मांसच नाही. म्हणून 'सिन मांतेका' म्हणजे चरबी नको आणि 'सिन काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीचं पाणी नको, हे दोन कागदावर लिहून पर्समधे ठेवा. मग निवडुंगाचे टाको, भोपळ्याच्या फुलांची केसादिया म्हणजे चीज घालून दुमडलेली पोळी (ही फुलं आपल्याकडे भजीत जातात, आईला लगेच ओळखीची वाटतील), चिंचेचं गार सरबत, मजा आहे. मासे खाणाऱ्यांनी लोस मुएर्तोस बीचवर काडीला लावून कोळशावर भाजलेला मासा लिंबू पिळून खायचाच. पाणी बाटलीचंच. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, 'ला क्वेंता पोर फावोर' म्हणा, टिप १० ते १५ टक्के, पण बिलात आधीच लावलीय का बघा.

खरेदीला मजबूत कापडी पिशवी न्या. नोव्हेंबर ते एप्रिल असाल तर शनिवार सकाळ लाझारो कार्देनास पार्कातल्या बाजारासाठी मोकळी ठेवा, तिथे बनवणारे स्वतः विकतात. रिओ क्वाले नदीजवळच्या मार्केटमधे घासाघीस चालते. चांदीवर ९२५ चा शिक्का बघूनच घ्या, बीचवर फिरून विकतात ती बऱ्याचदा चांदी नसतेच. स्वस्त व्हॅनिलाच्या मोठ्या बाटल्या मात्र नको, त्यात कुमारिन हे यकृताला वाईट असलेलं रसायन असू शकतं. विशारिका ह्या तिथल्या आदिवासी लोकांचं मणीकाम घ्याच, एकेक मणी हाताने मेणात दाबून बसवलेला असतो, तिथे भाव पाडू नका प्लीज, किती तास लागतात ते समोर बसून बघितलंय मी. आणि ते मेण असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचं नाही, मणी सुटतात. मऊ ओढणीत गुंडाळून केबिन बॅगेत, टकिलाची बाटली मात्र चेक-इनमधे.