हळदीच्या पानाचं तेल जीसी-एमएसला लावताय? मग हे आधी वाचा

नागपंचमीला पातोळ्या उकडताना घरभर जो वास सुटतो ना, त्यातला मोठा वाटा बहुतेक वेळा अल्फा-फेलँड्रीन या सुगंधी घटकाचा असतो. गड्ड्याच्या तेलाचं गणित वेगळं, तिथे टर्मेरोन. जीसी-एमएस म्हणजे तेलातले घटक वेगळे करून प्रत्येकाचे तुकडे मोजून ओळखणारं मशीन, आणि त्यावरच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला पान एकदम भारी, कारण सुगंधी तेलात जेवढे म्हणून घोळ होतात तेवढे सगळे याच्यात होतात. मी इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे जे स्वतः चुकून शिकलो तेच सांगतो.

आधी झाड नक्की कुठलं ते बघा. आंबेहळद, कचोरा यांची पानं बाजारात ओळखू येत नाहीत, म्हणून बॉटनीवाल्यांकडून ओळख पटवून हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळवलेला नमुना) करून ठेवा, पेपर पाठवताना पहिला प्रश्न हाच येतो.

तेल काढायला क्लेव्हेंजर, म्हणजे पाण्याच्या वाफेबरोबर तेल काढायचं काचेचं उपकरण. पानं चिरून, पाणी घालून, ३ तास उकळायचं. मे महिन्यात नळाचं पाणी गरम असतं आणि कंडेन्सर नीट थंड होत नाही, मग हलके मोनोटर्पीन (फेलँड्रीनसारखे चटकन उडणारे घटक) उडून जातात, तेव्हा बर्फाच्या पाण्याचा पंप लावा. निघालेलं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून काळपट काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये. अर्धी रिकामी बाटली ठेवलीत की हवेने फेलँड्रीन कमी होतं आणि पॅरा-सायमीन वाढतं, आणि मग तुम्ही लिहिणार की नवीन केमोटाइप (त्याच झाडाचा वेगळ्या घटकांचा प्रकार) सापडला!

मशीनचं फार काही नाही. हेक्झेनमध्ये १ टक्का तेल, १ मायक्रोलिटर, स्प्लिट १:५० (म्हणजे थोडाच भाग आत, बाकी बाहेर), घटक वेगळे करणारी ३० मीटरची बारीक नळी म्हणजे डीबी-५ कॉलम, ६० अंशांपासून मिनिटाला ३ अंशांनी २४० पर्यंत.

खरी गोची पुढे आहे. सॉफ्टवेअर साठवलेल्या स्पेक्ट्रमच्या (तुकड्यांच्या वजनाच्या आलेखांच्या) लायब्ररीतून नाव काढून देतं, बाजूला ९४ टक्के मॅच, आणि पोरं तेच टेबलात चिकटवतात. पण बऱ्याच मोनोटर्पीनांचं वजन १३६ आणि सगळ्यात मोठा आयन (मशीनमध्ये झालेला तुकडा) ९३, स्पेक्ट्रम जुळ्या भावांसारखे, मॅच कुणाशीही होतो. म्हणून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक कॉलममधून कधी बाहेर येतो त्याचा अल्केनच्या मापाने काढलेला आकडा, काढायचाच. त्याच कॉलमवर, त्याच प्रोग्रामला सी८ ते सी२० (८ ते २० कार्बनच्या) अल्केनचं मिश्रण चालवा. समजा सी१० आलं ९.२० मिनिटाला, सी११ १२.७० ला आणि तुमचा पीक (आलेखातला उंचवटा) १०.२५ ला, तर १.०५ भागिले ३.५० म्हणजे ०.३०, इंडेक्स झाला १०३०. अल्फा-फेलँड्रीन सी१० च्या अगदी मागोमाग, १००३ च्या आसपास येतं, तुमचं १०३० ला दिसत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे, मॅच ९८ असला तरी.

आणि या १०३० च्या गल्लीत तर कायम गर्दी. पॅरा-सायमीन, लिमोनीन, बीटा-फेलँड्रीन, १,८-सिनिओल सगळे खांद्याला खांदा लावून उभे, बाहेरून एकच पीक. तिथे याच क्रमाने ११९, ६८, ९३ आणि १५४ हे आयन वेगवेगळे काढून बघा, म्हणजे कोण पुढे कोण मागे ते दिसतं. त्यातूनही सुटलं नाही तर वॅक्ससारखा पोलर कॉलम.

२०७ किंवा २८१ चा मोठा आयन दिसला तर ते झाडातलं नाही, कॉलमचं किंवा सेप्टमचं (इंजेक्टरवरच्या रबरी झाकणाचं) सिलिकॉन आहे. १४९ दिसला तर बहुतेक प्लास्टिकमधलं थॅलेट. हसू नका, छापून आलेल्या पेपरांतसुद्धा अमुक पानात सायक्लोट्रायसिलोक्सेन मिळालं असं सापडतं. बीटा-एलेमीन भरपूर दिसलं तरी जरा थांबा, जर्माक्रीन-ए गरम इंजेक्टरमध्ये त्याच्यात बदलतं, इंजेक्टर थोडा कमी तापवून परत चालवून बघा.

टक्केवारी शक्यतो एफआयडीवरून (ज्वालेत जाळून प्रमाण मोजणाऱ्या डिटेक्टरवरून) काढा. एमएस ओळखायला आहे, मोजायला नाही.

कॉलेजात मशीन नसेल, आणि बहुतेकांकडे नसतंच, तर सॅम्पल बाहेर पाठवताना अल्केनची कुपी सोबत द्या आणि त्याच दिवशी त्याच प्रोग्रामला चालवा असं लेखी सांगा. मी एकदा तोंडी सांगितलं होतं, आलं काय तर चार पानी पीडीएफ, सगळी नावं लायब्ररीची, अल्केन चालवलंच नव्हतं आणि पैसे पूर्ण घेतले होते. तेव्हापासून मूळ डेटा फाइल हातात आल्याशिवाय मी बिल पास करत नाही.