पाठलागाची फिर्याद देण्याआधी: तयारीची यादी

सगळ्यात आधी नकार लेखी द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 78, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांसाठी जुन्या भारतीय दंड संहितेचं 354-ड, याच मुद्द्यावर उभं आहे: बाईने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने मागे लागून वारंवार संपर्क साधणं. तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही याच कलमात येतं. “मला तुमच्याशी बोलायचं नाही. यापुढे फोन, मेसेज करू नका, भेटायला येऊ नका,” एवढंच पाठवा. “प्लीज”, “सध्या नको”, “कामात आहे” असं काही जोडू नका, आरोपीचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. तोंडी नकारही नकारच असतो, फक्त तो सिद्ध करणं जड जातं. एकदा सांगितल्यावर पुन्हा उत्तर देऊ नका. माणूस दारात उभा असेल, अंगावर येण्याची भीती असेल, तर मेसेज वगैरे राहू द्या आणि थेट 112 लावा.

ब्लॉक करण्याची घाई नको, आधी पुरावा उतरवून घ्या. नेहमीची चूक इथेच होते. नंबर “त्रास” अशा नावाने सेव्ह केलेला असतो आणि स्क्रीनशॉटमध्ये वर “त्रास” एवढंच दिसतं. नंबर कुठेच नसतो. म्हणून संपर्काची माहिती उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्राम, फेसबुकवर नाव केव्हाही बदलता येतं, तेव्हा प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, एकदाच दिसणारा फोटो आला तर दुसऱ्या फोनने टिपा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं आणि पुरावा ज्या उपकरणातून आला तेच हरवलं तर मोठी अडचण होते. सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज लवकर पुसलं जातं, ते त्याच आठवड्यात लेखी मागा.

एक वही करा: तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं. जबाब देताना “रोज त्रास देतो” यापेक्षा “मंगळवारी सकाळी सव्वाआठला बसथांब्यावर” हे फार वजनदार ठरतं. आपल्या व्हॉट्सअॅपची जोडलेली उपकरणं आणि ईमेलची लॉगिन यादी तपासा. अनोळखी उपकरण दिसलं तर आधी स्क्रीनशॉट, मग लॉगआउट, मग पासवर्ड बदल.

ठाण्यात “फक्त अर्ज द्या” किंवा “एनसी घेतो” (म्हणजे फक्त अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असं म्हणतात. कलम 78 दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर नोंदवावाच लागतो, हे शांतपणे सांगा. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. तुमची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, एफआयआरची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, ती राहून जाते आणि सगळं अडकतं. गुन्हा घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला, स्पीड पोस्टाने लिहा. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उत्पन्न कितीही असलं तरी महिलेला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100 लावा.

खोटं खातं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-क, खासगी अवयवांचे फोटो असतील तर 66-ई, धमकी असेल तर न्याय संहितेचं 351 लागतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. कलम 78 बाईच्या तक्रारीपुरतं आहे, पण पुरुषालाही खोटं खातं आणि धमकी यांची तक्रार देता येते.

पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो जामीनपात्र आहे. तेव्हा आरोपी लगेच सुटेल हे धरूनच चाला. घरी, ऑफिसात आणि वॉचमनला त्याचा फोटो आधीच देऊन ठेवा. सुटल्यावर त्याचा एक जरी मेसेज आला तरी वहीत लिहा आणि त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.