माहेश्वरी साडी पाहावी कशी आणि घ्यावी कशी

इंदूरच्या मराठी घरांमध्ये निदान एक तरी माहेश्वरी साडी असतेच. मात्र ती विणली कशी जाते, हे सांगू शकणारे माणूस त्या घरात क्वचितच सापडते. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये किंवा राजवाड्याच्या परिसरातील दुकानात साडी उलगडली जाते, ‘किती हलकी आहे’ असे कोणीतरी म्हणते, रंग पसंत पडतो आणि बोलणे थेट किमतीवर येते. हाताने घडवलेल्या वस्तूचे कौतुक एवढ्यावरच थांबू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी कारागिराचा हात त्या वस्तूत नेमका कोठे दिसतो हे आधी शिकून घ्यावे. मी येथे मुख्यतः माहेश्वरी साडीविषयी लिहिणार आहे, कारण इंदूरकरांना ती सर्वांत जवळची आहे आणि महेश्वर येथून अवघ्या 90 किलोमीटरच्या आसपास आहे; बाग या गावची छपाई आणि इंदूरची चामड्याची खेळणी यांचा उल्लेख ओघाने येईल.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अहिल्यादेवी होळकरांनी 1767 ते 1795 या काळात महेश्वरहून कारभार केला, आणि त्यांनीच बाहेरून विणकर आणवून तेथे वसवले, असे परंपरेने सांगितले जाते. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, माग मात्र नर्मदाकाठीच राहिले. राजाश्रय आटल्यावर आणि पुढे गिरण्यांचे स्वस्त कापड आल्यावर हा व्यवसाय पार खालावला. त्याला पुन्हा उभे करण्यात 1979 मध्ये रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी स्थापन केलेल्या ‘रेहवा’ या संस्थेचा वाटा मोठा आहे. आज महेश्वरच्या गल्ल्यांतून चालताना घराघरांतून मागाचा जो खटखटाट ऐकू येतो, तो अखंड चालत आलेला नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता प्रत्यक्ष पाहणे. साडी हातात आली की प्रथम काठ पाहावा, अंग नंतर. पारंपरिक माहेश्वरीचे अंग साधे, रेघांचे किंवा चौकटीचे असते. विणकराचे खरे कसब काठात आणि पदरात उतरलेले असते. काठावरील नक्षी महेश्वरच्या किल्ल्यावरील व घाटावरील दगडी कोरीव कामातून घेतलेली आहे, आणि त्या नक्षींना नावे आहेत: चटई, ईंट, हिरा, चमेली का फूल, नर्मदेच्या लाटा. विक्रेत्याला नक्षीचे नाव विचारावे. त्याला ते सांगता आले नाही, तर साडी खोटी ठरत नाही, परंतु तो आणि माग यांच्यामध्ये किती हात आहेत याचा थोडा अंदाज येतो. यानंतर काठ उलटा करून पाहावा. बुगडी नावाचा पारंपरिक काठ असा विणलेला असतो की साडी दोन्ही बाजूंनी नेसता यावी. म्हणजे त्याला उलटी बाजू अशी जवळजवळ नसतेच. अनेक यंत्रमागी नकलांत मात्र काठाच्या मागे सैल धागे लोंबताना किंवा कातरलेले दिसतात. पदरावर साधारणतः पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे, एकाआड एक. हल्ली खरीदणाऱ्यांच्या आवडीप्रमाणे पदर पुष्कळ बदलले आहेत. तेव्हा पाच पट्टे नसणे हा दोष नव्हे, पण असले तर ते पारंपरिक पदराची खूण आहेत हे आपल्याला ठाऊक असावे.

मग साडीचा एकेरी थर उजेडासमोर धरावा. आजच्या बहुतेक माहेश्वरींत ताणा, म्हणजे उभा धागा, बारीक रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, बारीक सुताचा असतो. साडीला झळाळी आणि हलकेपणा दोन्ही येतात ते या जोडीमुळे. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असला, तर कापड हलवताना रंग पालटल्यासारखा भासतो. ती धूपछाव रंगाऱ्याने दिलेली नसते, मागावर तयार झालेली असते, आणि कोणत्या दोन रंगांतून ती साधली आहे हे कडेचे दशीचे धागे सोडवून पाहिले की कळते. जर विक्रेत्याची हरकत नसेल, तर दशीतला एखादा धागा जाळून पाहता येतो: सूत कागदासारखे जळते, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. जरीसाठी हा उपाय नाही. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो, आणि ती आता महाग असल्याने बहुतेक साड्यांत तिच्या जागी तांब्याची किंवा प्लॅस्टिकची जर असते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तराप्रमाणे किंमत ठरवावी.

खरी हातमागाची साडी ओळखण्याचे दोन सल्ले सर्वत्र ऐकायला मिळतात, आणि दोन्हींविषयी माझे मत वेगळे आहे. पहिला सल्ला असा की काठाच्या कडेला टोचणीची बारीक छिद्रे दिसली की साडी हातमागाची समजावी. कापड विणताना आक्रसू नये म्हणून मागावर ते एका पट्टीने रुंदीत ताणून धरावे लागते आणि त्या पट्टीच्या टोकांची ही छिद्रे असतात हे खरे. पण यंत्रमागावरही कापड ताणणारी योजना असतेच, त्यामुळे एकट्या छिद्रांवरून निकाल देता येत नाही. दुसरा सल्ला असा की दोष हीच हातमागाची ओळख. या समजुतीने विणकराचे नुकसान केले आहे, कारण तुटलेला ताणा, फणीतून सुटलेला धागा किंवा वाकडा काठ यांना ‘हस्तकलेचे सौंदर्य’ म्हणून विकायची सोय त्यातून होते, आणि निर्दोष विणणाऱ्याच्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही. हाताचा ठोका यंत्रासारखा सदैव एकसमान पडत नाही, म्हणून उजेडात धरल्यावर कोठे कोठे आडवी घट्टी किंचित कमीजास्त झालेली दिसते. एवढे मान्य करावे. बाकी गाठी, तुटके धागे आणि डाग हे दोषच होत, आणि चांगला विणकर ते दाखवले तर रागावत नाही, उलट ते कसे झाले ते सांगतो.

शक्य असेल तर एकदा महेश्वरला जाऊन माग चालताना पाहावा. तेथील बोलणे हिंदी-निमाडीत चालते, आणि वयस्क विणकराला चाचा किंवा काका म्हणून विनम्रपणे विचारले तर तो आनंदाने माहिती देतो, मात्र धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, चालू असताना त्याला थांबवू नये. मागासमोर उभे राहून ‘एका साडीला किती दिवस लागतात’ हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो आणि उत्तर ऐकून समाधानाने निघून जातो. त्याऐवजी मागावर येण्याआधीचे काम विचारावे: सूत कोठून आले, ते रंगवले कोणी, कांड्या कोणी भरल्या, ताणा कोणी केला, आणि जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचे शेकडो धागे एकेक करून कोणी जोडले. या कामांत घरातील स्त्रिया आणि म्हातारी माणसे असतात, आणि ‘विणकर’ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्याच्या तुलनेत त्यांचे श्रम फारसे दिसत नाहीत. साडीचे कौतुक करताना या सर्वांचे कौतुक करायचे असेल, तर निदान ते काय करतात एवढे माहीत असायला हवे.

किमतीचा विषय अवघड आहे. पुष्कळ विणकर स्वतःच्या सुताने विणत नाहीत. सूत, नक्षी आणि रंग मास्टर वीवर देतो आणि विणकराला साडीमागे मजुरी मिळते. त्यामुळे घासाघीस न करता दिलेली पूर्ण किंमत विणकरापर्यंत जातेच असे नाही, आणि घासाघीस करून वाचवलेले पैसे नेमके कोणाच्या वाट्यातून कापले जातात हेही आपल्याला दिसत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न संयमाने विचारावा: ‘हे आपले विणलेले आहे की मजुरीने?’ उत्तर काहीही असले तरी ते ऐकून घ्यावे, वाद घालू नये. इंदुरात खरेदी करायची असेल तर शासनाच्या मृगनयनी दालनात, ढक्कनवाला कुआँ येथील ग्रामीण हाट बाजारात किंवा लालबागेत भरणाऱ्या मालवा उत्सवात कारागीर अथवा त्यांच्या संस्था भेटण्याची शक्यता असते. हँडलूम मार्क, म्हणजे हातमागाच्या कापडावरील अधिकृत खूण, पाहण्याची सवय लावून घ्यावी. 1985 च्या कायद्याने ठरावीक प्रकारची वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवलेली आहेत, तरी नकला बाजारात येतच असतात.

मनाजोगी साडी विणून घेण्याची हौस असेल, तर मागाची एक अडचण आधी समजून घ्यावी. ताणा एका साडीपुरता लावला जात नाही; एका ताण्यावर अनेक साड्या निघतात. त्यामुळे जमिनीचा, म्हणजे साडीच्या अंगाचा, रंग ऐन वेळी बदलून मागणे म्हणजे विणकराला अख्खा ताणा बाजूला ठेवायला सांगणे. बाण्याचा रंग आणि पदर यांत फेरबदल तुलनेने सोपा असतो, तेव्हा मागावर चढलेला ताणा पाहूनच मागणी करावी, अर्धी रक्कम आगाऊ द्यावी, आणि लग्न तोंडावर आल्यावर नव्हे, काही महिने आधी सांगावे. पावसाळ्यात रंगवलेले सूत वाळत नाही, हे कारण ऐकून शंका घेऊ नये. दुसऱ्या विणकराची किंवा पुस्तकातील नक्षी मोबाइलवर दाखवून ‘हुबेहूब असेच करा’ असे सांगण्यापेक्षा आपल्याला नेमके काय आवडले ते सांगून उपाय त्याच्यावर सोडलेला अधिक चांगला जमतो.

बागच्या छपाईकडेही हीच दृष्टी वळवता येते. बाग हे धार जिल्ह्यातील गाव; तेथील खत्री कुटुंबे ठशांनी कापड छापतात. कापड आधी एरंडेल तेल, शेळीच्या लेंड्या आणि मीठ यांच्या पाण्यात तयार करतात, मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, आणि त्यानंतर छपाई होते: तुरटीपासून लाल, लोखंडाचा गंज आणि गूळ यांपासून काळा. छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुऊन धावडीच्या फुलांसह ॲलिझरिन या रंगद्रव्याच्या पाण्यात उकळल्यावर रंग खुलतो. तेव्हा कापड घेताना ठसा ठशाला जोडतो ती जागा आणि कोपरा पाहावा, मागच्या बाजूला रंग किती उतरला आहे ते पाहावे, आणि लाल-काळ्या नक्षीची बाजारातील पडदा-छपाईशी (स्क्रीन प्रिंटशी) तुलना करावी. पडद्याने छापलेल्या कापडावर जोड सापडत नाही, आणि रंग बहुधा पृष्ठभागावरच राहतो.

इंदुरातल्या इंदुरात तयार होणारी चामड्याची खेळणी, म्हणजे तारेच्या सांगाड्यावर कागद व चिंध्या भरून वर मऊ चामडे चिकटवलेले घोडे, हत्ती आणि वाघ, यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ती येथील किती घरांत आहेत हा प्रश्न मी तसाच सोडतो. पाहताना मान व पाय यांच्या जोडावर चामडे सुरकुतले आहे की ताणून बसवले आहे, एवढेच तपासावे; चांगल्या कारागिराचा प्राणी चारही पायांवर डुलत नाही.

साडी घरी आल्यावर पहिले धुणे वेगळे आणि थंड पाण्यात असावे, सौम्य साबणाने, पिळून न टाकता. वाळवणे सावलीत. घडी दर काही महिन्यांनी बदलावी, कारण जरीचा धागा एकाच मोडीवर राहिला तर तेथे तुटतो. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि साडी सुती कापडात गुंडाळून ठेवावी. फॉल लावताना बुगडी काठाची दुसरी बाजू झाकली जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी नेसायची असेल तर फॉल न लावणेच उचित. आणि वर्षभर नेसल्यानंतर रंग उतरला, काठ आक्रसला किंवा काहीच झाले नाही, तरी ते विणकराला किंवा त्याच्या संस्थेला अवश्य कळवावे. पुढचे सूत रंगवताना त्याला ही माहिती उपयोगी पडते, आणि दुकानदारामार्फत ती त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.