हरितगृहातले तापमान-सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवत असतील तर

गच्चीवरच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये दोन सेन्सर आहेत, एक ३४ दाखवतो आणि दुसरा ३८. अशा वेळी नवा सेन्सर आणायला लगेच लॅमिंग्टन रोड गाठू नका. आधी एवढंच ठरवा: फरक सेन्सरमध्ये आहे की जागेत? दोन्ही सेन्सर अचूक असूनही त्यांच्या जागी तापमान खरोखरच वेगळं असू शकतं. मुंबईतच कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचे आकडे एकाच दिवशी वेगळे येतात.

सगळे सेन्सर काढून त्यांची टोकं एकत्र आणा आणि रबरबँडने बांधा. मासळीबाजारात मिळतो तसा थर्माकोलचा डबा धुऊन कोरडा करा, टोकं त्यात ठेवा, झाकण लावा आणि डबा घरात सावलीत तासभर राहू द्या. मगच आकडे वाचा. डीएस१८बी२० आणि डीएचटी२२ या दोन्ही प्रकारच्या सेन्सरची अचूकता ±०.५ अंश असते, म्हणजे दोन निर्दोष सेन्सरमध्येही १ अंशाचा फरक चालतो. डीएचटी११ मात्र ±२ अंशांचा आहे; त्याची तुलना इतरांशी करूच नये.

डब्यात आकडे जुळले, तर दोष जागेचा. ऊन थेट सेन्सरवर पडलं की तो हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या कवचाचं तापमान सांगतो. फॉगरचे (धुक्यासारखा फवारा मारणाऱ्या यंत्राचे) थेंब बसले, तर बाष्पीभवनाने गार होऊन कमी दाखवतो. सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाला चिकटून बसवलेला सेन्सर बोर्डाच्या उष्णतेने जास्त दाखवतो. त्याला वायरने निदान हातभर दूर न्या. छताखालची हवा आणि रोपांच्या शेंड्यांजवळची हवा तर दुपारी कधीच सारखी नसते, म्हणून सगळे सेन्सर पिकाच्या उंचीवर टांगा.

उन्हावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे पंखा लावलेली नळी. ७५ मिमीचा पांढरा पीव्हीसी पाइप फूटभर कापा, एका टोकाला संगणकातला १२ व्होल्टचा पंखा बसवा आणि सेन्सर मध्यभागी टांगा. पंख्याने हवा आत ढकलायची नाही, बाहेर ओढायची, नाहीतर मोटारची उष्णता सेन्सरवर येते. नळी आडवी लावा, तोंड उन्हाकडे नको. रात्री जुळणारे आणि दुपारी फाटणारे आकडे बहुतेकदा एवढ्यानेच सुधारतात.

डब्यातही फरक राहिला, तर वायरिंग बघा. डीएस१८बी२० सतत ८५ दाखवत असेल, तर मोजणी पूर्ण व्हायच्या आतच आकडा वाचला जातोय (१२ बिटच्या मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात) किंवा वीजपुरवठा तुटतोय. -१२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही: डेटा आणि पुरवठा यांच्यामधला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि सांधे तपासा.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सांधे खातो, आणि चूक कोणत्या दिशेची आहे यावरून दोष ओळखता येतो. १० किलोओहमच्या एनटीसीमध्ये (तापला की विद्युत रोध घटणारा सेन्सर) पाणी शिरून गळती झाली की रोध घटतो, आकडा चढतो. सांधा गंजून रोध वाढला की आकडा उतरतो. पीटी१०० मध्ये (तापला की रोध वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर) याच्या अगदी उलट घडतं. तिथे दोन वायरच्या जोडणीत एक ओहम वाढला तरी सुमारे अडीच अंश जास्त दिसतात, म्हणून जोडणी तीन वायरचीच करा. एनटीसी बदलला असेल, तर प्रोग्रॅममधला बीटा आकडाही (रोधावरून तापमान काढायला लागणारा त्या एनटीसीचा स्थिरांक) तपासा. ३४३५ च्या जागी ३९५० राहिला, तर २५ अंशांजवळ सगळं ठीक दिसतं, पण दुपारच्या उन्हात चूक वाढत जाते. हिरवी पडलेली तांब्याची वायर चकाकी दिसेपर्यंत मागे कापा, सोल्डर करा आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा.

शेवटी बर्फाची चाचणी. ही फक्त जलरोधक सेन्सरची. डीएचटी पाण्यात घालू नका. थर्मास बर्फाच्या चुऱ्याने भरा, चुऱ्यातल्या फटी भरतील इतकंच फिल्टरचं पाणी ओता, टोक तळाला न टेकवता मधोमध धरा आणि दहा मिनिटं ढवळत राहा. आकडा ० यायला हवा. मग थर्मासमध्ये ३८ ते ४० अंशांचं पाणी घेऊन ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून बघा. दोन्हीकडे फरक सारखाच आला, उदाहरणार्थ +०.८, तर प्रोग्रॅममध्ये तेवढा वजा करा. फरक दोन ठिकाणी वेगळा आला, तर नुसत्या वजाबाकीने भागणार नाही.

सेन्सरच्या वायरवर दुरुस्तीचा आकडा आणि तारीख लिहिलेली पट्टी लावा. ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, बर्फाची चाचणी पुन्हा करा. दुरुस्तीचा आकडा अर्ध्या अंशाहून जास्त सरकला असेल, तर तो सेन्सर फॉगरच्या नियंत्रणावरून काढा.