ब्ल्यूबेरीवर कॅल्शियमची फवारणी : वेळ महत्त्वाची

ब्ल्यूबेरीची फळे टणक राहावीत व काढणीनंतर लवकर मऊ पडू नयेत म्हणून कॅल्शियमची फवारणी करायची असेल, तर ती पाकळ्या गळल्यानंतर, फळे लहान व हिरवी असतानाच सुरू करावी. पानांवर पडलेले कॅल्शियम तेथून फळात जवळजवळ जात नाही, त्यामुळे द्रावण प्रत्यक्ष फळांवर पोहोचणे आवश्यक असते. आणि फळ वाढू लागले की त्याच्या सालीतून होणारे शोषणही कमी होत जाते. फळांना निळा रंग चढल्यावर केलेली फवारणी म्हणूनच बहुधा वाया जाते, शिवाय फळांवर डाग राहतात. अशा वेळी चिकटद्रव्य मिसळणे तर टाळावेच, कारण त्याने फळावरील पांढरट मेणाचा थर, म्हणजे ब्ल्यूबेरीची अर्धी शोभा, बिघडू शकते.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, उन्हाचा ताप नसताना करावी. या उपायाचे परिणाम सर्वत्र सारखे दिसत नाहीत, म्हणून एक ओळ फवारणीविना ठेवून दोन्हींकडील फळांचा टणकपणा ताडून पाहावा, आणि फरक आढळला तरच पुढील हंगामात खर्च करावा.