कीबोर्डशिवाय लिनक्स सुरू करायचं तर कन्सोल नीट ठरवा

इंदूरला पावसाळ्यात लाइट जाते-येते, आणि माळ्यावरचा जुना सर्व्हर परत सुरू होताना कीबोर्ड दिसला नाही म्हणून अडून बसतो. ‘एक कीबोर्ड लावूनच ठेवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) ‘हॉल्ट ऑन’ला ‘ऑल, बट कीबोर्ड’ निवडा. मग सर्व्हरचा कन्सोल, म्हणजे मजकूर दिसण्याची नि आज्ञा देण्याची जागा, सिरियल पोर्टमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणायचा. त्यासाठी सिरियल केबल इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये पाहा; घ्यायची ती नल मोडेमच (पाठवायच्या-घ्यायच्या तारा आतून उलटसुलट जोडलेली), सरळ केबल इथे चालत नाही.

आता खरी मेख. कीबोर्ड काढला की लिनक्स आपणहून सिरियलवर येईल, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. येत नाही. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूटलोडरला (तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) ‘-पी’ पर्याय दिला तर तो कीबोर्ड शोधतो आणि नसल्यास सिरियल धरतो. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. लिनक्सला तुम्ही काही सांगितलं नाही, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी व्हीजीए कार्ड, म्हणजे मॉनिटरचं कार्ड, पाहतो, मग सिरियल पोर्ट. कीबोर्ड आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कार्ड मदरबोर्डवरच असेल, तर सगळा मजकूर न जोडलेल्या मॉनिटरकडे जातो आणि तुम्ही कोऱ्या सिरियल खिडकीकडे बघत बसता.

म्हणून ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत स्पष्ट लिहा: आधी ‘कन्सोल=टीटीवाय०’, एक जागा सोडून ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’. पहिला म्हणजे मॉनिटर, दुसरा म्हणजे सिरियल पोर्ट आणि त्याचा वेग. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं, फक्त ‘एस’ मोठा. क्रम उलटा करू नका! कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण मुख्य कन्सोल ठरतो तो शेवटी लिहिलेला, आणि सुरुवातीचे प्रोग्राम त्याच्याशीच बोलतात. क्रम चुकला की सिरियलवर कर्नलचे संदेश धडाधड येतात आणि मग एकदम सामसूम. मशीन अडकलं समजून लोक बटण दाबून बंद करतात, आणि डिस्कची वाट लागते. वेगही लिहाच, नाही लिहिला तर ९६०० धरला जातो, आणि समोर ११५२०० असेल तर नुसता कचरा दिसतो.

‘अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा. मग ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘कन्सोल्स’ फाइल उघडा: मोठा ‘सी’ सिरियलच्या ओळीत असला, तरच कीबोर्ड काढा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर एक यूएसबी कीबोर्ड हाताशी असू द्या. मात्र तो ग्रबमध्ये चालला म्हणून पासवर्डच्या वेळी चालेलच असं नाही. ग्रब बायोसच्या भरवशावर असतो. कर्नल यूएसबी नव्याने तपासतो, आणि त्याचे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचात) नसले तर कीबोर्ड मुका.