एडिनबरा-फाइफमध्ये नव्याने आलेल्यांसाठी : गोल्फशी ओळख

एडिनबरा किंवा फाइफमध्ये राहायला आलात की बसमधून, फिरायला गेल्यावर, कधी थेट खिडकीतूनही गोल्फचं मैदान दिसणारच. आपल्याकडे हा खेळ जिमखाना आणि कँटोन्मेंटच्या कुंपणाआड राहिला, त्यामुळे तो साहेबलोकांचा असं डोक्यात बसलेलं असतं. इथे ते काढून टाका. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून यातच रमतात म्हणून १४५७ मध्ये स्कॉटिश संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, इतका तो सर्वसामान्यांचा! फाइफमधल्या सेंट अँड्र्यूजचा प्रसिद्ध ओल्ड कोर्सही (कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान) सार्वजनिक जमिनीवर आहे. पहिल्या 'टी'मागे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागे, दिमाखात उभा असलेला क्लब त्याचा मालक नाही. रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात.

शहरात असाल तर सुरुवात ब्रन्ट्सफील्ड लिंक्सवर करा. मेडोज बागेला लागून छोट्या होलचा कोर्स आहे (होल म्हणजे टीपासून खळग्यापर्यंतचा एक पल्ला), उन्हाळ्यात खेळायला पैसे लागत नाहीत. एक वेज (चेंडू उंच उडवायची काठी), एक पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी) आणि चार-पाच चेंडू पुरेत. पूर्ण सेट विकत घेण्याची घाई अजिबात नको. मैदानातून पायवाटा जातात, तेव्हा वाट मोकळी होईपर्यंत मारायचं नाही. चेंडू कुणाच्या दिशेने गेलाच तर लाजू नका, जोरात 'फोर!' ओरडा.

सेंट अँड्र्यूजला मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांना 'हिमालय'वर न्या. नाव खरंच तेच. उंचवट्या-खळग्यांचं हे पटिंगचं हिरवळीचं मैदान, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबचं. थोड्या पैशांत पटर आणि चेंडू तिथेच मिळतो. त्यानंतरची पायरी बालगोव्ह, नऊ होलचा, नवशिक्यांसाठीच आखलेला. एडिनबरात ब्रेड हिल्सचा सार्वजनिक कोर्स १८८९ पासून चालू आहे. देखावा अप्रतिम, पण चढ आणि वारा दमवतात.

आता समुद्रकाठच्या लिंक्सबद्दल, म्हणजे तिथल्या गोल्फच्या मैदानांबद्दल, कारण भारतात खेळलेले लोकही इथेच फसतात. जमीन वाळूची, गवत आखूड, माती टणक. मऊ ग्रीनवर (खळग्याभोवतालच्या हिरवळीवर) उंच मारलेला चेंडू पडल्याजागी थांबतो. इथे वारा त्याला आधीच भरकटवतो आणि टप्पा पडल्यावर तो लांब घरंगळत जातो. म्हणून चेंडू उंच न उडवता जमिनीलगत मारा. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस पावलांवरूनही पटर वापरायला हरकत नाही, इथले जुने खेळाडू सर्रास वापरतात. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, लहान, खोल आणि उभ्या भिंतीचे असतात. समोरची भिंत चढवायचा हट्ट धरलात की चेंडू परत पायाशी येतो. बाजूला, गरज पडली तर मागेही काढा; एक फटका जातो, चार वाचतात. पिवळ्या फुलांच्या काटेरी गोर्समध्ये गेलेला चेंडू मात्र विसरा. शोधायला तसाही नियमाने तीनच मिनिटं मिळतात.

वाईट खेळलात तर कुणी काही म्हणत नाही, रेंगाळलात तर म्हणतात. मागचा गट खोळंबला असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. उखडलेलं गवत जागी बसवा, बंकरमधली पावलं रेकने पुसा. न खेळता नुसतं फिरायचं असेल तर २००३ च्या कायद्याने कोर्स ओलांडता येतो, पण खेळात अडथळा न आणता आणि ग्रीनवर पाय न ठेवता.

ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर आधी एखाद्या क्लबचे सदस्य होऊन हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा, घ्या. त्यासाठी मार्करच्या (तुमचे फटके नोंदवणाऱ्याच्या) सहीची एकूण ५४ होलची स्कोअरकार्डं लागतात. मग दोन ते चार जणांचा गट करून खेळाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत सोडतीत नावं द्या. उन्हाळ्यात नंबर लागणं कठीण. हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण तेव्हा फेअरवेवरचा (टी आणि ग्रीनमधल्या आखूड गवताच्या पट्ट्यावरचा) चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो, गवत जपण्यासाठी. बोटं गारठतात, हातमोजे दोन्ही हातांचे न्या.